बाही बसेपर्यंत

नागपुरात शिवणवर्ग घेऊ लागल्यापासून माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी पहिल्याच आठवड्यात विचारते, "ताई, ब्लाउज कधी शिकवता?" तिची घाई रास्त असते. ब्लाउज शिवता आला की घरातले चार पैसे वाचतात आणि शेजारपाजारचे चार पैसे हाती येतात, हे तिने आपल्या गल्लीत पाहिलेले असते. मी तिला सांगते की ब्लाउज नक्की येईल, पण त्याआधी कापडाकडे आणि अंगाकडे पाहायला शिकावे लागेल आणि त्यात काही महिने जातील. हे ऐकून काही जणी पंधरा दिवसांत कटोरी ब्लाउज शिकवण्याची हमी देणाऱ्या वर्गाकडे वळतात. ज्या राहतात त्यांच्यासोबत काम करताना मला जे कळत गेले ते लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते. त्यासाठी मी स्वतः कशी शिकले, तिथून सुरुवात करणे भाग आहे.

माझे पहिले शिक्षण नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराच्या माडीवर झाले. तिथे एक वयस्क बाई दुपारच्या वेळी शिवण शिकवत. त्यांच्या वर्गात पायाने चालवायच्या काळ्या मशिनी होत्या आणि पहिले काही दिवस त्यांच्या सुईत दोरा ओवायला सक्त मनाई होती. वहीचा रेघी कागद सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या दाबाच्या पायाखाली धरायचा आणि नुसत्या सुईने रेघेवर भोके पाडत जायचे, एवढेच काम. रेघ सरळ साधली की चौकोन, चौकोनाचे कोपरे साधले की वर्तुळ आणि शेवटी बाहेरून आत वळत जाणारी गोगलगाय. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवूनच दाबाचा पाय उचलायचा आणि कागद फिरवायचा, ही सवय तिथेच हाताला लागली. संध्याकाळी बाई आमचे कागद खिडकीच्या उजेडासमोर धरत आणि भोकांची रांग कुठे डुगडुगली ते आम्हाला आमच्याच तोंडून सांगायला लावत. त्या स्वतः फारसे बोलत नसत. "काय दिसतं?" एवढेच विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत.

पायडलचा वेग टाच आणि चवडा यांच्यात वाटून घ्यावा लागतो, चाक नेहमी आपल्याकडेच फिरले पाहिजे, उलटे फिरले तर दोरा गुंततो आणि तुटतो, हे सारे आज विजेच्या मोटारीवर शिकणाऱ्या मुलींना दूरचे वाटते. पण पायाच्या मशिनीवर शिकलेल्या हाताला एक फायदा कायमचा मिळतो. एकेक टाका हवा तेव्हा आणि हवा तिथे थांबवता येतो. म्हणून माझ्या वर्गात मोटारीच्या मशिनी असल्या तरी सुरुवात पायाच्या मशिनीवरच होते.

कागदानंतर हातशिलाई आली. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज, हूक आणि आकडा हे सगळे नमुने मांजरपाटाच्या वीतभर तुकड्यांवर करून वहीत चिकटवायचे. मांजरपाट म्हणजे जाडेभरडे, न धुतलेल्या रंगाचे सुती कापड. स्वस्त असल्यामुळे त्यावर हात मोकळा चालतो. तुरपाईचा टाका सुलट्या बाजूने दिसता कामा नये, त्यासाठी सुईने कापडाचा फक्त एक धागा उचलायचा. तो एकच धागा सुईच्या टोकावर आला की बोटांना कळते. डोळ्यांआधी बोटांना कळते, हे मला तेव्हा फार नवल वाटले होते आणि अजूनही वाटते.

पुढे मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला ड्रेस मेकिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. तिथली शिस्त वेगळी होती. ब्राऊन पेपरवर पूर्ण मापाचा आराखडा काढायचा, प्रत्येक रेघेला नाव द्यायचे, छातीच्या चौथ्या भागावरून घडण सुरू करायची आणि शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी ठेवायचे जास्तीचे कापड, शेवटी वेगळ्या रेघेने वाढवायची. बाईंनी नजर दिली होती, संस्थेने हिशेब दिला. दोन्ही मिळाल्या म्हणूनच पुढे शिकवता आले, असे मला वाटते. केवळ हिशेबावर शिकलेली मुलगी पुस्तकातल्या अंगाला उत्तम कपडा शिवते, पण समोर उभी राहिलेली बाई पुस्तकातली नसते. केवळ नजरेवर शिकलेली मुलगी स्वतः सुरेख शिवते, मात्र ते कसे जमले हे दुसरीला सांगू शकत नाही.

कापडाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बिघडलेल्या कपड्यांपैकी कितीतरी कपडे कात्री लागण्याआधीच बिघडलेले असतात. विदर्भ हा कापसाचा मुलूख आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल याच कापसाच्या भरवशावर उभी राहिली होती. ती आता राहिली नाही, तरी गांधीबाग आणि इतवारीचा कापडबाजार अजून गजबजलेला आहे. प्रत्येक नव्या तुकडीला मी एकदा तरी तिथे घेऊन जाते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजायला शिकवते. ३६ इंची, ४४ इंची आणि ५८ इंची पन्ह्यातून एकच कुर्ता बेतला तर कापड किती वेगवेगळे लागते, हे दुकानातच कागदावर मांडून पाहायला लावते. मग कापडाची काठाजवळची कड दोन्ही हातांत धरून ओढायला सांगते. काठाला समांतर जाणारा उभा धागा ताण सोसतो आणि फारसा हलत नाही, आडवा धागा थोडा देतो, आणि दोहोंच्या मधोमध तिरपे ओढले तर कापड रबरासारखे ताणले जाते. हे एकदा हाताने अनुभवले की गळ्याच्या कडेची पायपिन तिरप्या पट्टीचीच का लागते, हे पाठ करावे लागत नाही. गोल गळ्यावर सरळ पट्टी लावली तर ती आतल्या कडेला गोळा होते आणि बाहेरच्या कडेला ओढते. तिरपी पट्टी वळणासोबत वळते.

सुती कापड बेतण्यापूर्वी पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून, ओलसर असतानाच इस्त्री करून घ्यायचे. पहिल्या धुण्यात ते आटते, आणि आटणे बहुधा लांबीकडे अधिक असते. नवीन मुलींना हे काम वेळखाऊ वाटते. शिवलेला कुर्ता धुतल्यावर गुडघ्यावर चढला की गिऱ्हाईक परत येत नाही. हे मी त्यांना आधीच सांगून ठेवते. त्यानंतर कापडाच्या टोकाशी आडवा धागा उपसून काढायचा. तो निघालेला धागा मागे जी रेघ सोडतो, तीच कापडाची खरी सरळ रेघ. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेली कड बऱ्याचदा तिच्यापासून दीड-दोन इंच तिरकी असते. त्या तिरक्या कडेवर बेतलेला परकर एका बाजूने लोंबतो, आणि मग दोष शिवणाऱ्या हाताला दिला जातो.

मशीन शिकवताना मी वर लाल आणि खाली निळा दोरा घालते, कापड पांढरे घेते. चाक हाताने सावकाश फिरवायला लावते. सुई खाली जाते, वर येताना दोऱ्याचा छोटा फास मागे सोडते, खालचे शटल त्या फासातून निघून जाते आणि दोन दोऱ्यांची गाठ पडते. सुईचे भोक टोकाशी ठेवून वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवण्याच्या याच कल्पनेवर एलियस हाव याने अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट घेतले आणि १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने आपल्या मशिनीचे पेटंट घेतले. आज आमच्या वर्गातली मशीनही टाका तसाच घालते. दोन रंगांमुळे टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, सगळा गोंधळ डोळ्यांसमोर येतो. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसू लागले की वरचा दोरा जास्त आवळला आहे. खालच्या बाजूला लाल ठिपके आले की तो सैल आहे. गाठ कापडाच्या दोन थरांच्या मधोमध लपली की दोन्ही बाजूंनी आपापला रंगच दिसतो. एकदा हे पाहिलेली मुलगी दोरा तुटला म्हणून मेकॅनिकला बोलवत नाही. आधी सुई पाहते, मग बॉबिन, मग टेन्शनचा स्क्रू.

माझ्या एका विद्यार्थिनीने सातवीनंतर शाळा सोडली होती आणि अपूर्णांकांची तिला धास्ती होती. छातीचा चौथा भाग काढायचा म्हटले की ती टेप खाली ठेवायची. मी तिला गणित सांगितले नाही. टेप ३५ इंचांवर धरून अर्धी दुमडायला लावली, ती दुमडलेली टेप पुन्हा अर्धी दुमडायला लावली आणि घडीवर कोणता आकडा येतो ते वाचायला सांगितले. आठच्या पुढे तीन पाव. "म्हणजे पावणेनऊ!" ती म्हणाली. ३३ ला सव्वाआठ, ३४ ला साडेआठ. बाजारात भाजी घेताना पाव-अर्धा-पाऊणचा हिशेब ती रोज करतच होती. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, दोन सूत म्हणजे पाव इंच, हे तिने त्याच दिवशी आपल्या वहीत लिहून घेतले. पुढच्या महिन्यात बाकीच्या मुलींची मापे तीच तपासत होती. शिवणाच्या निमित्ताने गणिताची भीती गेलेल्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, आणि या कामाच्या मिळकतीत मी ती गोष्ट पैशांच्या बरोबरीने धरते.

टक्स शिकवताना ब्राऊन पेपरचे वर्तुळ कापून हातात देते. कडेपासून मध्यापर्यंत एक काप द्यायचा आणि कापाच्या दोन कडा एकमेकींवर चढवायच्या. सपाट कागदाला टोक येते. कडा जितक्या जास्त चढवाल तितके टोक उंच. टक्सचे सगळे तत्त्व एवढेच आहे: सपाट कापडातली जास्तीची जागा एका ठिकाणी दाबून दुसरीकडे उंची निर्माण करायची. यानंतर मुली एकमेकींच्या अंगावर मांजरपाट टाचण्यांनी लावून पाहतात. कापड कुठे गोळा होते, कुठे ताणते, तिथे बोटांनी चिमटा घेतात आणि तो चिमटा म्हणजेच टक्स हे त्यांचे त्यांनाच उमगते. टक्सचे टोक उभाराच्या अगदी बिंदूवर नेऊ नये, इंचभर अलीकडे थांबवावे, नाहीतर तिथे टोचल्यासारखा कोन दिसतो. हेही त्या अंगावर पाहूनच ठरवतात. वर्गात तेव्हा बराच हशा पिकतो, आणि तो मला हवाच असतो, कारण स्वतःच्या अंगाकडे संकोच न बाळगता पाहणे आमच्या मुलींना कुणी शिकवलेले नसते. खांदा एका बाजूने उतरता आहे, कंबरेची एक बाजू दुसरीपेक्षा वर आहे, पाठ रुंद आहे, या गोष्टी त्या प्रथम लाजून सांगतात आणि थोड्या दिवसांनी माप म्हणून सांगतात.

बाहीवर मात्र सर्वांत जास्त दिवस जातात. मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडायची त्या जागेचा, गोल आणि बाहीचा गोल वहीत शेजारी शेजारी मोजले तर बाहीचा गोल अर्धा ते एक इंच मोठा निघतो. प्रत्येक मुलीला वाटते की आराखडा चुकला. मी मुद्दाम काही बोलत नाही, मोजू देते. खांद्याचे टोक गोल असते आणि बाहीला त्या गोलावरून उतरायचे असते, त्यामुळे बाहीच्या वरच्या भागात थोडे जास्त कापड लागते. हे जास्तीचे कापड चुण्या न दिसता मुंढ्यात मुरवायचे, हीच बाही बसवण्यातली करामत आहे. त्यासाठी बाहीच्या गोलाच्या कडेला लांब टाक्यांच्या दोन टिपा घालतात, त्यांचे दोरे किंचित ओढतात, आणि वरच्या तृतीयांशात कापड बोटांनी दाबत दाबत सारखे पसरवतात. खालच्या भागात, काखेपाशी, काहीच मुरवायचे नसते.

बाहीला पुढची आणि मागची बाजू असते. आपले हात शरीराच्या पुढच्या बाजूला काम करतात, म्हणून पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त खोल कोरावा लागतो आणि बाहीचा पुढचा उतारही तसाच जास्त कोरायचा असतो. खुणेसाठी पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दोन बारीक कात्रे द्यायची. या खुणा चुकल्या की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. "ताई, माही बाही समोर येऊन राहिली, काहून?" हा प्रश्न दर तुकडीत येतोच. उत्तर देण्याऐवजी मी ती बाही अंगावर चढवून हात खाली सोडायला सांगते आणि कापडाचा उभा धागा खांद्यापासून कोपरापर्यंत सरळ लोंबतो का ते पाहायला लावते. धागा मागे किंवा पुढे वळला की तो सरळ लोंबेपर्यंत बाहीचा माथा मुंढ्यात फिरवायचा. टीप उसवायची, पाव इंच सरकवायची, कच्च्या टाक्याने पुन्हा जोडायची. एका मुलीने तीच बाही इतक्या वेळा उसवली की मांजरपाटाच्या कडेचे धागे सुटू लागले. शेवटी ती बसली तेव्हा तिने ती कपाटाच्या दारावर लटकवून ठेवली आणि महिनाभर काढू दिली नाही.

मुंढ्याबद्दल आणखी एक समजूत मला दरवेळी मोडावी लागते. हात मोकळा हलावा म्हणून मुली मुंढा खोल कापतात. प्रत्यक्षात मुंढा जितका खोल, तितका हात वर नेताना सगळा ब्लाउज वर ओढला जातो, कारण काखेपासून खाली उरलेली बाजूची शिवण आणि बाही एकमेकींना बांधलेल्या असतात. मुंढा काखेच्या जवळ असला की हात उचलला तरी कंबरेची कड जागेवर राहते. दोन मांजरपाटी ब्लाउज, एक खोल मुंढ्याचा आणि एक वर घेतलेल्या मुंढ्याचा, असे दोन्ही घालून फळीवरचा डबा काढायला सांगितले की वाद संपतो. ज्या बाईला दिवसभर ओट्यापाशी, शेतात किंवा फळ्यासमोर हात वर करून काम करायचे आहे, तिच्या कपड्याचा विचार इथूनच सुरू होतो.

उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा वर्ग सकाळी लवकर भरतो. कूलरच्या वाऱ्याने कागदी आराखडे उडतात, म्हणून प्रत्येकीच्या टेबलावर दगड किंवा जुनी इस्त्री ठेवलेली असते. हे दिवस आम्ही हलक्या सुती कुर्त्यांना देतो. पावसाळ्यात तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, लहान मुलांचे कपडे येतात, आणि मुली लहान मापांवर हात बसवतात. लहान मुलांच्या कपड्यांना माया भरपूर ठेवायची, कारण मूल वाढते आणि आईला तोच कपडा पुढच्या वर्षीही चालवायचा असतो.

माझ्या मते सगळ्या वर्षातली खरी परीक्षा दसऱ्याच्या आधी होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात ज्या जागी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला दरवर्षी प्रचंड जनसमुदाय लोटतो आणि त्यातले बहुतेक लोक पांढरे कपडे घालून येतात. आमच्या वर्गातल्या अनेक मुली आपल्या घरच्यांसाठी पांढरे कुर्ते, ब्लाउज आणि लहान मुलांचे शर्ट त्या दिवसांत शिवतात. पांढऱ्या कापडावर काहीच झाकले जात नाही. मशिनीला तेल दिले असेल तर आधी चिंधीवर बराच वेळ कोरडी टीप मारून तेल शोषून घ्यावे लागते. रंगीत खडू वापरता येत नाही, म्हणून खुणा कच्च्या टाक्याने घालायच्या. पातळ पांढऱ्या कापडातून आतल्या शिवणीची कडसुद्धा दिसते, त्यामुळे ती कड झाकणारी शिवण घालावी लागते: कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून आधी बारीक टीप, मग जास्तीची कड कातरायची, कापड उलटवायचे आणि सुलट्या बाजू आत घेऊन दुसरी टीप. कच्च्या कडा दोन टिपांच्या मध्ये बंद होतात आणि आतूनही कपडा बाहेरूनसारखाच स्वच्छ दिसतो. मुली हात साबणाने धुऊन बसतात, टेबलावर धुतलेली चादर अंथरतात. घरातल्या आजीसाठी, वडिलांसाठी आपण या दिवसाचा कपडा शिवतो आहोत ही भावना त्यांच्या कामात उतरते, आणि त्या आठवड्यात जेवढे नीट शिवले जाते तेवढे वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही वेळी मी पाहिलेले नाही.

अशाच एका दसऱ्याआधी अपूर्णांकांची भीती गेलेली ती मुलगी आपल्या आजीला वर्गात घेऊन आली. आजींची पाठ बरीच वाकलेली होती आणि उजवा खांदा आखडल्यामुळे तो हात मागे जात नव्हता. दुकानात शिवलेला प्रत्येक ब्लाउज त्यांना पाठीत वर चढायचा आणि समोर गळ्यापाशी त्याचा झोळ पडायचा. आजींचे म्हणणे, "आता माझ्या अंगाला काही येतच नाही, माय." मी त्या मुलीला आराखडा काढू दिला नाही. आधी नेहमीच्या मापाचा मांजरपाटी ब्लाउज आजींना घालायला सांगितला आणि तिला त्यांच्या मागे उभे केले. तिला दिसले की मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत पाठीला जास्त लांबी हवी आहे आणि समोर उलट कमी. तिने पाठीच्या भागावर खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर आडवी रेघ मारली, रेघेवर कात्री चालवली, दोन तुकडे आजींच्या पाठीनेच मागितले तेवढे, म्हणजे पाऊण इंच, दूर केले आणि मधल्या फटीत कापडाची पट्टी टाचली. मानेपाशी जागा सैल झाली, तिथे दोन छोटे टक्स घेतले. समोरच्या भागाची लांबी छातीच्या वर घडी घालून कमी केली. हुकांऐवजी समोर मोठी टिच बटणे लावली, कारण आजींच्या बोटांना हूक सापडत नव्हते. काखेत कापडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगळा, घातला, त्यामुळे आखडलेला हातही थोडा वर जाऊ लागला.

हे सगळे तिने सांगून नाही, पाहून केले. मी शेजारी उभी होते आणि महालातल्या बाईंसारखे "काय दिसतं?" एवढेच अधूनमधून विचारत होते. सुधारलेला मांजरपाट उसवून, इस्त्री करून तिने त्यावरून कागदी आराखडा उतरवून घेतला, त्यावर आजींचे नाव आणि तारीख घातली आणि मग पांढऱ्या टू बाय टू या ब्लाउजच्या सुती कापडाला कात्री लावली.

तयार कपड्यांच्या दुकानांमुळे शिवणकाम संपेल, असे मला अनेक लोक सांगतात. स्वस्त कुर्ते आणि गाऊन आता कोणी शिवून घेत नाही, हे खरे आहे. पण तयार कपडा मधल्या मापांसाठी कापलेला असतो. वाकलेली पाठ, उतरता खांदा, आजारातून उठल्यावर बदललेले शरीर, बाळंतपणानंतरचे पहिले वर्ष, या सगळ्यांसाठी दुकानात हँगरवर काही टांगलेले नसते. माझ्याकडून शिकून गेलेल्या ज्या मुली आज चांगले कमावतात, त्यातल्या बऱ्याच जणींकडे अशाच बायकांची रीघ असते. सुरुवात साड्यांच्या फॉल-पिकोने आणि जुने कपडे घट्ट-सैल करण्याने होते, आणि ती तशी व्हावी हे मी आग्रहाने सांगते. दुसऱ्याने शिवलेला कपडा उसवताना त्याने माया किती ठेवली, मुंढा कसा कोरला, अस्तर कुठे जोडले हे सगळे उलगडत जाते. भांडवलाचा प्रश्न असेल तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने, तारण न ठेवता, आधी १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. अर्ज करताना घरातल्या पुरुषांनी बोलण्यापेक्षा तिने स्वतः कागद घेऊन जावे, असे मी प्रत्येकीला सांगते, कारण पुढे गिऱ्हाइकाशी दर ठरवताना हाच धीटपणा लागतो.

दर ठरवणे आमच्या मुलींना जड जाते. ओळखीच्या बाईकडून पैसे कसे मागायचे, या भिडेपोटी त्या अर्ध्या किमतीत काम करतात. म्हणून शेवटच्या महिन्यात आम्ही दोरा, अस्तर, हूक, वीज आणि लागलेले तास वहीत मांडतो, आणि प्रत्येकीला आपला दर मोठ्याने सांगायचा सराव करायला लावते. आजींच्या ब्लाउजनंतर त्या मुलीकडे त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोन आज्या आल्या. तिने मांजरपाटाच्या फिटिंगचे वेगळे पैसे सांगितले आणि दोघींनीही काही न बोलता दिले.

सध्याच्या तुकडीने नुकतीच पहिली बाही जोडली आहे. तिघींच्या मागच्या मुंढ्यात अजून चुण्या दिसतात आणि एकीने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या आहेत. सोमवारी सगळ्या जणी त्या घालून फळीवरचा डबा काढतील, आणि मग उसवायला बसतील.